जंगलाच्या पडद्यातली मोकळी जागा

माझ्या वहीत नथ्थूजींबद्दलची पहिली नोंद अशी आहे: "वय – स्वतः सांगतात पंचाहत्तर, शेजारी सांगतात ऐंशी. काम – नाटकाचे पडदे रंगवणे. सध्या काम – नाही. प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतात."

ही नोंद मी त्यांच्या अंगणात, त्यांच्यासमोर बसूनच केली होती. त्यांनी विचारलं, "का लिवून राह्यल्या बाई?"

"तुमच्याबद्दलच."

"मी तं अजून काही बोललोच नाई."

मी पंचायत समितीत आवक-जावक सांभाळते. कागद आला की क्रमांक, गेला की तारीख. बावीस वर्षं हेच काम केल्यावर माणूस समोर आला तरी हात आधी वहीकडे जातो. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तेव्हापासून माझे रविवार रिकामे पडायला लागले होते. कपाटं आवरून झाली, डब्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्या. मग चंद्रपूरला एक शिबिर सुरू झाल्याचं कळलं. तीन महिने, दर रविवारी, मोबाईलवर माहितीपट करायला शिकवणार होते. शेवटी प्रत्येकाने आपल्या भागातल्या एका कलाकारावर दहा मिनिटांची फिल्म करून दाखवायची. मी नाव नोंदवलं, मोबाईल लावायला एक तिपाई विकत आणली आणि सिंदेवाहीहून बसने ये-जा करू लागले.

कलाकार कोण, हा प्रश्न मला पडला नाही. धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, आणि माझ्या लहानपणी त्या नाटकांच्या मागे जो राजवाडा, रस्ता किंवा जंगल दिसायचं ते नथ्थूजींनी रंगवलेलं असायचं. त्यांचं गाव आमच्यापासून दहा किलोमीटरवर. ते अजून आहेत हे मला माहीत नव्हतं. गावातल्या पुष्कळांनाही नसावं, कारण पत्ता विचारला तर दोघांनी मला दुसऱ्याच पेंटरकडे पाठवलं. तो मोटारसायकलींच्या नंबरप्लेटी लिहीत होता.

नथ्थूजी एकटे राहत. एक खोली, पुढे पडवी, अंगणात चिंच. मुलगा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात होता, पोळ्याला यायचा. घरात रंगाचा एक ठिपकाही नव्हता. ब्रश मात्र होते, छताला आडव्या टांगलेल्या बांबूत ओळीने खोचलेले. त्यातले काही माणसाच्या छातीइतक्या उंच दांड्याचे होते, कारण पडदा जमिनीवर पसरून, त्यावर अनवाणी चालत, उभ्यानेच रंगवायचा. "मी जंगलात चालूनच जंगल केलं," ते म्हणत. पाठीला थोडा बाक होता, तो या कामाचा. खाली बघून बोलायची सवयही तिथलीच असावी.

पहिल्या दिवशी मी अकरा प्रश्न लिहून नेले होते. तिपाई मांडली, मोबाईल लावला, त्यांना पडवीच्या खांबाशी बसवलं. चौकटीत खांदे आणि चेहरा. शिबिरातल्या सरांनी तसंच सांगितलं होतं, चेहरा मिळालाच पाहिजे. मी पहिला प्रश्न विचारणार, तोच नथ्थूजींनी विचारलं, "ह्या मोबाईलच्या मागं कोण बसते?"

"कोणी नाई. मीच."

"तुमच्या मागं?"

मी मागे वळून पाहिलं. "कुंपण आहे."

"त्याच्या मागं शेवटची रांग. तिथी जो बसते, त्याले का दिसते ते पाहा अगोदर." मग त्यांनी मला उठवलं आणि अंगणाबाहेर धाडलं. साठ पावलं मोजून जायचं आणि तिथून त्यांच्याकडे बघायचं. मी मोजत गेले. मोजायचं काम मला आवडतं. साठाव्या पावलावर वळले, तर चेहरा नव्हताच. एक खांब, एक पांढरा सदरा, आणि सदऱ्यावर अर्धी सावली. ते तिथून ओरडले, "मी रडून राह्यलो का हासून राह्यलो?"

"कळत नाई!"

"मंग अंगानं सांगा लागते!" असं म्हणून त्यांनी खांदे पाडले आणि मान एका बाजूला टाकली. साठ पावलांवरून मला एकदम वाईट वाटलं. परत आले तर ते गालातल्या गालात हसत होते.

मी वहीत लिहिलं, "लांबून बघणे." सरांनी ज्याला लाँग शॉट म्हटलं होतं ते हेच, हे बसमध्ये लक्षात आलं.

त्यानंतरचे सात रविवार मी चंद्रपूरहून परतताना त्यांच्या गावावरून येत असे. शिबिरात जे अर्ध्या दिवसात सांगत, ते नथ्थूजी एका वाक्यात सांगून मोकळे होत, आणि ते वाक्य कळायला मला पुढचा आठवडा लागे. उजेडाचंच घ्या. नाटकात पिवळे दिवे. पिवळ्या दिव्यात निळा रंग मरतो, काळपट होतो. म्हणून ते आभाळ हवं त्यापेक्षा जास्त निळं करत. दिवसा तो पडदा भडक, बटबटीत दिसे. लोक दुपारी मंडप बांधताना पाहून नावं ठेवत. "मी म्हणो, ठेवा नावं. माह्या आभाळाची वेळ अजून झाली नाई." पुढे पांढरे झगझगीत दिवे आले आणि त्यांचं आभाळ रात्रीही बटबटीत दिसू लागलं. त्यांनी रंग बदलून पाहिले. तोवर मागे छापील फ्लेक्स आले, मग मोठा चमकणारा स्क्रीन आला, त्यावर हलणारा धबधबा आला. "हालत्या धबधब्यासमोर उभ्या माणसाले कोण पाह्यते, सांगा बरं?" हे त्यांनी रागाने नाही विचारलं. खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं.

समोरचा माणूस दिसला पाहिजे, हा त्यांचा एकच नियम. त्यांच्या जंगलाच्या पडद्यात साग असत, मोह असे, खाली पळसाची झुडपं. पण मधोमध, जरा डावीकडे, झाडांमध्ये एक मोकळी जागा सोडलेली असे. तिथे काहीच नाही, नुसता फिका पिवळट उजेड. एका नाटक कंपनीच्या मालकाला ती जागा खटकली. त्यांचा हा किस्सा मी चार वेळा ऐकला आणि चारही वेळा हसले.

"मालक म्हणे, नथ्थू, इथी खाली काऊन सोडलं? कापडाचे पैसे दिले मी, पुरा पडदा भर. मी म्हणलं, इथी माणूस उभा राह्यते जी. तो म्हणे, माणूस राहू दे, तू इथी वाघ काढ. काढला बाप्पा. असा काढला का मलेच भेव वाटे. मंग त्या नाटकात शेवटी बाई मरते. भल्ली चांगली नटी होती. ती मरून राह्यली, लोकं रडून राह्यले, आन पुढच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहून म्हणते, ओ बाई, मरता काऊन, पळा नं! मागं वाघ हाये!"

सारा मांडव हसला. बाई हसत हसत मेली. दुसऱ्या दिवशी नथ्थूजींनी मालकाला न विचारता वाघावर फिका पिवळा हात फिरवला. "वाघ अजून आहे त्याच्या खाली," ते म्हणाले. "पण शहाणा आहे. बाहेर नाई येत."

दुसरा किस्सा ते हसून सांगत नसत. मुलचेऱ्याकडे, जिथे बंगाली लोकांची वसवलेली गावं आहेत, तिथे एका हंगामात नाटक झालं. भाषा अर्ध्यांना कळत नव्हती, तरी सगळे बसले. सकाळी पडदे गुंडाळताना एक बंगाली म्हातारी आली आणि नदीच्या पडद्यासमोर उभी राहिली. हिंदीत विचारू लागली, ही आमची नदी तुम्ही कधी बघितली? नथ्थूजींनी रंगवली होती वैनगंगा, त्यांच्या सासुरवाडीच्या घाटावरची. म्हातारी बोटाने दाखवत होती, इथे आमचं घर होतं, इथे नाव बांधायचो.

"मंग तुम्ही काय म्हणाले?" मी विचारलं.

"का म्हणू? मी म्हणलं, हो माय, तुमचीच हाये. आन गुंडाळत होतो तो पडदा पुन्हा सोडला. तिचं पाहून होये परेंत थांबलो. गाडीवाला शिव्या देऊन राह्यला होता."

महिनाभराने मी एक कच्ची फिल्म जोडली. हाताच्या शिरा जवळून, डोळ्यांच्या सुरकुत्या जवळून, ब्रशचे केस त्याहून जवळून, आणि मागे बासरी. सरांना आवडली. मी ती मोठ्या उत्साहाने नथ्थूजींना दाखवायला नेली. त्यांनी मोबाईल हात लांब करून धरला आणि शेवटपर्यंत पाहिली.

"कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाई."

"मंग हे बासरी काऊन रडून राह्यली?"

मोबाईल परत देत ते म्हणाले, "हात हाये, डोळा हाये, ब्रश हाये. मी कुठी हाय? तुमी मले बजारातल्या मटणासारखं वेगळं वेगळं लावून ठेवलं, बाई."

घरी येऊन मी बासरी काढून टाकली. पण राग आला होता. म्हणून पुढच्या वेळी वहीतला नववा प्रश्न, जो राहून गेला होता, तो जरा चिडूनच विचारला. "तुमचा सगळ्यात चांगला पडदा कोणता?"

"मले का मालूम. मी कुठी पाह्यला?"

मला वाटलं गंमत करताहेत. करत नव्हते. पडदा रंगवायचा तो जमिनीवर. मंडपात बांधायचा दुपारी, तेव्हा समोर माणूस नाही आणि दिवेही नाहीत. नाटक सुरू झालं की नथ्थूजी आत, बाजूला, पडद्यांच्या दोऱ्या ओढायला. चाळीस वर्षं त्यांनी नट पाहिले ते एका बाजूने, नाहीतर पाठमोरे. "मोठमोठे नट मी अर्धेच पाह्यले. पण पाठीवरून समजे मले, आज खरा रडून राह्यला का खोटा." समोर बसून, दिव्यात, माणूस पुढे उभा असलेला आपला पडदा त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

"मग तो बरोबर झाला हे कसं कळायचं?"

"सरू बसत जाय."

सरूबाई म्हणजे त्यांची बायको. जिथे जिथे नाटक, तिथे त्या बैलगाडीने, मॅटॅडोरने, मिळेल त्याने जात आणि शेवटच्या रांगेत पोतं टाकून बसत. नाटक संपलं की मागे येऊन एकच शब्द सांगत. नटी नीट उठून दिसली असेल तर "दिसली". नसेल तर "नाई दिसली". बाकी त्यांना नाटकातलं काही विचारलं तरी सांगता यायचं नाही. "नाई दिसली" म्हटलं की नथ्थूजी दुसऱ्या दिवशी पडदा पुन्हा जमिनीवर पसरत. सरूबाई गेल्या आणि त्यानंतर त्यांनी दोन हंगाम पडदे रंगवले. "पण कोणी सांगेच ना," ते म्हणाले. "मालक म्हणे मस्त आहे. मस्तचं का करू मी?"

मग खाली बघत ते म्हणाले, "एक डाव शेवटच्या रांगेत बसून पाहा लागत होतं."

मी वहीचं नवं पान उघडलं आणि लिहिलं: पडदा. बांबू. मैदान. दोऱ्या. उभं राहणारं माणूस. पोतं.

पडदा शोधायला सहा फोन लागले. नथ्थूजी ज्या कंपनीसाठी रंगवत ती बंद पडली तेव्हा पडदे ज्याने त्याने नेले होते. राजवाडा फाटून गेला होता, नदीचं काय झालं कोणालाच माहीत नव्हतं. जंगल सापडलं गणपतभाऊ नावाच्या शेतकऱ्याकडे, तीन कोसांवर, पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरवर घातलेलं.

"रंग आत केला तं बोनेट हिरवं होते," गणपतभाऊंनी समजावलं, "म्हणून जंगल वर ठेवलं. भल्लं मजबूत कापड आहे. तीन वर्षं झाली, ट्रॅक्टरले धूळ नाई. तुमी सिनेमात घेता का? मंग माह्या ट्रॅक्टरले पण घ्या."

एका दिवसासाठी देतो म्हणाले. संध्याकाळपर्यंत परत. त्यांच्याच गावात आठवड्यापूर्वी शंकरपटाच्या बैलांच्या शर्यती होऊन नाटक लागलं होतं. लोकांना बसायला उताराचा खड्डा खोदतात आणि निघालेली माती पुढे टाकून मंच उंच करतात, तो खड्डा आणि मंचाचे बांबू अजून जागेवर होते. माझी यादी भराभर पुरी होत गेली. उभं राहायला मी गणपतभाऊंनाच विचारलं.

"मी? नाई बाप्पा. मले लाज वाटते."

नथ्थूजींना मी ऑटोने आणलं. येताना त्यांनी घरून दोन पोती घेतली होती, घडी करून, काखेत. मी यादीत दुरुस्ती केली: पोती – दोन. दुसरं माझ्यासाठी असेल, असं मला वाटलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गणपतभाऊंनी आणि त्यांच्या भावाने पडदा चढवला. वीस फूट रुंद, बारा फूट उंच. धूळ झटकली तरी खालच्या कडेला ऑइलचे डाग होते, आणि एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेलं. भर उन्हात आभाळ इतकं निळं होतं की बघवेना. नथ्थूजींनी जवळ जाऊन भोकातून बोट घातलं. "उंदरानं मोह खाल्ला. आवडला असन." एवढंच. मी म्हटलं, सुरू करू या. ते म्हणाले, "आभाळाची वेळ नाई झाली."

अडीच तास आम्ही बसून राहिलो. मला रिकामं बसता येत नाही. मी तिपाई चार वेळा हलवली. साडेचारच्या सुमारास ऊन खाली उतरलं, पिवळं झालं, आणि आमच्या मागून सरळ पडद्यावर पडलं. मी बघत होते म्हणून सांगते, आभाळ शांत झालं. बटबटीत निळं होतं ते दूर गेलं, सागाच्या पानांना मागची बाजू आली. शिबिरात या उजेडाबद्दल दोन तास बोलले होते. नथ्थूजींनी चाळीस वर्षं आधी रंगवतानाच तो धरून ठेवला होता.

ते शेवटच्या रांगेच्या जागी गेले आणि दोन पोती शेजारी शेजारी पसरली. उजव्यावर बसले. मी त्यांच्या मागे मोबाईल लावला. मी म्हटलं, "नथ्थूजी, मी समोरून तुमचा चेहरा घेते. तुम्ही पडदा पाहताना."

"मंग तिथी कोण उभं राह्यन?"

मी गणपतभाऊंकडे पाहिलं. ते बांबूच्या मागे गेले होते.

"तुमी राहा."

"मोबाईल कोण बघणार?"

"तो का पळून जाते? राहा उभ्या."

मी त्यांच्या पाठीमागूनच चौकट लावली. खाली त्यांची पाठ, दोन पोती, समोर उतार आणि वर जंगल. बटण दाबलं आणि चालत गेले. मंचावर चढून मोकळ्या जागेपाशी वळले, तर ऊन थेट डोळ्यांत. समोर काहीच दिसेना. शेवटच्या रांगेत एक ठिपका, बस. हात कुठे ठेवायचे कळेना.

"तो कागद ठेवा खाली!" ठिपका ओरडला.

हातात यादी होती. मी ती पायाशी ठेवली.

त्यांनी हाताने एकदा खूण केली, एक पाऊल बाजूला. मी सरकले. मागे कापड वाऱ्याने हलकं फुगायचं आणि पाठीला लागायचं. मी पन्नाशीला आले आहे. इतका वेळ माझ्याकडे कोणी नुसतं बघत राहिल्याचं मला आठवत नाही. काही करायचं नव्हतं, काही लिहायचं नव्हतं. मी उभी होते.

मग ऊन सरलं. ते उठले, पोती झटकली आणि म्हणाले, "झालं. गुंडाळा. गणपतच्या ट्रॅक्टरले थंडी लागन."

परतताना ऑटोत मी तीनदा विचारलं, कसा वाटला. ते रस्त्याकडे बघत होते. घराशी उतरल्यावर पोती काखेत मारून अंगणात शिरले. दाराशी एकदा थांबतील असं वाटलं. थांबले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मुलगा येऊन त्यांना कोरपन्याला घेऊन गेला. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा सून बोलली, बाबा झोपले आहेत म्हणाली. उन्हाळ्यात ते गेल्याचं मला बाजारात गणपतभाऊंकडून कळलं. पडदा पुन्हा ट्रॅक्टरवर होता.

शिबिरात मी फिल्म दाखवली, तेव्हा सरांनी विचारलं, एवढ्या मोठ्या क्षणी त्यांचा चेहरा का नाही? मी म्हटलं, उभं राहायला माणूस नव्हतं. ते खरंही होतं. पण त्या चित्रणात आणखी काही आहे, ते मला घरी, जोडणी करताना, कानाला आवाज लावल्यावर सापडलं. मोबाईल त्यांच्या अगदी मागे होता, म्हणून आलं. मंचावर मला ते ऐकू येणं शक्य नव्हतं.

तिथे मी दिसते, लांब, लहानशी, पिवळ्या उजेडात. चेहरा कळत नाही. पुढे नथ्थूजींची पाठ आहे, बाक आलेली. माझं एक पाऊल सरकून होतं, आणि ती पाठ हळूहळू सरळ होते. मग मान डावीकडे वळते, शेजारच्या रिकाम्या पोत्याकडे.

"दिसली," ते म्हणतात.